बाजारतळ आणि पांढरी

ज्या जागेवरून शोध घेणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या हात फिरवून गेल्या आहेत, त्याच जागेत पुन्हा शोध घेणे हे चिकाटीचे लक्षण समजावे की बुद्धिमांद्याचे, या प्रश्नावर आमच्या नामपुरात, माझ्या शेजारच्या ओट्यावर, एका मामा-भाच्यांमध्ये बरेच दिवस वाद चालू आहे. आणि मी त्या वादाचा निरुद्योगी, व म्हणूनच निष्ठावंत, श्रोता आहे. मामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. फेरफार, पंचनामे, जमाबंदीचे तक्ते आणि बांधाच्या तक्रारी यांत उमेदीची सारी वर्षे गेल्यामुळे कोणतीही वस्तू तिच्या जागेपासून तोडून पाहणे त्यांच्या स्वभावातच उरलेले नाही. कोणी काही सापडल्याचे सांगितले, की ते काय आहे हे विचारण्यापूर्वी ते कोणत्या गटात सापडले हे ते विचारतात. भाचा सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो, सुट्टीला आजोळी येतो, आणि येताना धातुशोधक यंत्राची लांबट पिशवी खांद्याला अडकवून आणतो. माणूस सालस आहे. पण जुन्या नाण्यांचे वेड ज्याला लागले त्याच्या सालसपणाला काही मर्यादा पडतातच, हे त्याच्याकडे पाहून पटते.

वादाचे मूळ म्हणजे गावचा जुना बाजारतळ. मोसमच्या काठच्या या गावात आज बाजार म्हटला की कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु बाजार समिती, काटे आणि लिलाव यांच्या पूर्वीचा जो आठवड्याचा बाजार, तो ज्या उघड्या जमिनीवर भरत असे त्या जमिनीने माणसांच्या कनवटीतून, कशातून आणि चंचीतून निसटलेला किती पैसा पोटात घेतला असेल याची गणती नाही. तो शोधून काढण्याचा उद्योगही नवा नव्हे. बाजार उठला की पोरे पालांच्या जागा धुंडाळीत, पहिल्या पावसाने माती धुतली की पुन्हा धुंडाळीत. आणि झारेकरी, ज्यांचा पिढीजात धंदाच सोनारांच्या दुकानांतला केर विकत घ्यावयाचा आणि तो पाण्यात घोळवून त्यातले कण वेचावयाचे असा, तेही अशा जागांची धूळ पाटीत घेत. अलीकडे बाहेरगावचे यंत्रवाले हौशी लोक येऊन तळ पिंजून गेले. एवढे सगळे झाल्यावर तिथे उरले काय, हा मामांचा प्रश्न.

"उरले आहे ते, मामा, जे कोणाच्या हाती लागले नाही ते," भाचा म्हणाला.

"हे म्हणजे वसुलीची बाकी किती असे विचारल्यावर तलाठ्याने 'जी वसूल झाली नाही ती' असे उत्तर देण्यासारखे झाले."

"पण ती का वसूल झाली नाही, हे मला सांगता येते. या यंत्राच्या टोकाला तारेचे जे चक्र आहे, त्यातून क्षणाक्षणाला दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह वाहतो. त्याने जमिनीत तसेच बदलते चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगात भोवरे धरून फिरणारे प्रवाह निर्माण होतात, आणि त्यांचे उलटे क्षेत्र दुसऱ्या चक्राला जाणवते. चांदी आणि तांबे उत्तम वाहक, म्हणून त्यांचे उत्तर लोखंडाच्या उत्तराहून निराळे येते. तेवढ्यावरून खालची वस्तू नाणे असावी की खिळा याचा तर्क बांधावयाचा. आता तुमच्या बाजारतळात नाण्यांपेक्षा खिळे शंभरपट. बैलांच्या खुरांच्या पत्र्या, पालांच्या मेखा, सोड्याच्या बाटल्यांची बुचे! घाईने यंत्र फिरवणाऱ्याला लोखंडाचा कोलाहल ऐकू येतो, आणि त्या कोलाहलाच्या आड एक वितीवर निजलेले तांब्याचे नाणे मुके होते. त्यात आपली जमीन काळ्या पाषाणापासून झालेली, लोहकणांनी भरलेली; म्हणून यंत्राला आधी जमिनीचा आवाज विसरावयास शिकवावे लागते, मग नाण्याचा ऐकावयास."

भाच्याने मग यंत्राच्या कुळाची हकीकत सांगितली, ती मला फार आवडली. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात मारेकऱ्याची गोळी अडकून राहिली असता, टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने याच तत्त्वावर उभारलेले उपकरण घेऊन ती गोळी शोधण्याचा प्रयत्न केला. प्रयत्न फसला, आणि रुग्ण ज्या शय्येवर पडला होता तिच्यातील पोलादी स्प्रिंगांनी उपकरणाला चकवले असे पुढे सांगण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात योसेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सैनिकाच्या हाती धरता येईल असे सुरुंगशोधक यंत्र सिद्ध केले, ते 1942 साली अल-अलामीनच्या वाळवंटात कामी आले. आणि अशा युद्धयंत्रांचे वंशज शांततेच्या काळी शेताशिवारांतून नाणी हुडकू लागले.

"म्हणजे," मामा म्हणाले, "बेलसाहेबालाही खाटेच्या स्प्रिंगाच सापडल्या."

"सापडल्या खऱ्या. पण म्हणून गोळी नव्हती असे होत नाही ना?"

या उत्तरावर मामा काही बोलले नाहीत, आणि मला वाटते की वादाच्या या भागात सरशी भाच्याचीच होती. हाताळलेली जागा आणि रिकामी जागा यांत अंतर असते. पहिल्याने येणारा मोठा, स्पष्ट आवाज उचलून नेतो. दुसरा त्याहून मंद आवाज. तिसऱ्याच्या वाट्याला काठावर उभे राहिलेले नाणे येते, ज्याचा सपाट भाग चक्राकडे नसल्यामुळे त्याचे उत्तर क्षीण पडते, किंवा यंत्राच्या आवाक्याच्या अगदी तळाशी गेलेले. अशा जागी काम करण्याची भाच्याची रीत मी पाहिली आहे. तो मोठे चक्र काढून लहान चक्र लावतो, म्हणजे एका वेळी कमी जमीन व कमी खिळे त्याच्या कक्षेत येतात. मुंगीच्या गतीने चालतो. दक्षिणोत्तर झाले की तीच पट्टी पूर्वपश्चिम घेतो, कारण खिळ्याच्या आडचे नाणे एका बाजूने मुके आणि दुसऱ्या बाजूने बोलके असू शकते.

या तपश्चर्येचे फळ मात्र माफक होते. 1957 च्या एप्रिलात दशमान पद्धत आल्यानंतरचे अॅल्युमिनियमचे हलके पैसे विपुल. 1943 ते 1947 या टंचाईच्या वर्षांतले भोकाचे पैसे काही. गुळगुळीत झालेला एखादा पाव आणा. आणि या सर्वांहून भाच्याला प्रिय अशी एक झिजलेली शिवराई, जिच्यावरील 'छत्रपति' या अक्षरांतली शेवटची दोनच कशीबशी वाचता येत होती. शिवराई ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. इंग्रजी अमदानी आल्यावरही कितीतरी वर्षे आमच्या खेड्यापाड्यांतला व्यवहार तिच्यावरच चालत असे, त्यामुळे महाराष्ट्रात जमिनीतून जितकी तांब्याची नाणी वर येतात त्यांत तिचा भरणा मोठा. तरी बाजारात हरवलेली शिवराई बाजारातच सापडावी, यात भाच्याला जो आनंद झाला तो मलाही कळला.

पण हौस माफक फळावर थांबत नाही. एके संध्याकाळी भाच्याने हळूच विषय काढला: गावाबाहेर ती पांढरी आहे, तिच्यावर एकदा यंत्र फिरवून पाहावे काय?

पांढरी म्हणजे जुन्या, उठून गेलेल्या वस्तीची जागा. माणसे शतकानुशतके जिथे राहिली, जिथे त्यांच्या चुलींची राख, भिंतींची माती आणि गुरांचे शेण एकावर एक साचत गेले, तिथली जमीन भोवतालच्या काळ्या रानात करड्या-पांढऱ्या टेकाडासारखी वेगळी दिसते. खापरे तर पायाखाली करकरतात. भाच्याच्या मनात तिथे काय असावे याचे चित्र स्पष्ट होते. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी 1610 च्या सुमारास या मुलखाची हकीकत लिहिताना मुल्हेर आणि साल्हेर येथे महमुदी नाणी पाडली जातात असे नमूद करून गेला आहे. तेव्हा बागलाणावर बागुल राजांचा अंमल होता. 1638 मध्ये औरंगजेबाच्या फौजांनी तो संपवला. "मुल्हेर आपल्याच मोसमच्या वरच्या अंगाला," भाचा म्हणाला. "तिथे पाडलेली चांदीची महमुदी नदीकाठाने खाली आली नसेल असे कसे म्हणावे? बाजारतळ दहा जणांनी चाळला. पांढरीला अजून कोणी हात लावलेला नाही."

"म्हणूनच तू लावू नकोस," मामा म्हणाले. त्यांचा आवाज एरवीपेक्षा वेगळा होता. "बाजारतळात तू खड्डा केलास तर काय बिघडते? तिथली माती पन्नास वेळा वरखाली झाली. अॅल्युमिनियमचा पैसा शिवराईच्या खाली सापडतो आणि शिवराई बुचाच्या वर. तिथे कोण कोणाच्या आधी आला हे सांगणारा साक्षीदारच उरलेला नाही. पांढरीत तो उभा आहे. तू वितीभर खणून एक चकती वर काढलीस, की ती कोणत्या खापराशेजारी होती, कोणत्या जमिनीवर होती, राखेच्या वर की खाली, ही सगळी साक्ष तू पुसलीस. जोगलटेंभी ठाऊक आहे ना?"

जोगलटेंभीचा दाखला मामा वारंवार देतात, आणि तो देण्याजोगाच आहे. 1906 साली नाशिकजवळील त्या गावी चांदीच्या नाण्यांचा जो साठा मिळाला त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती, सर्व क्षहरात राजा नहपान याची. आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. रेव्हरंड स्कॉट यांनी त्यांची तपासणी करून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीने कोरविलेल्या लेखात आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूळ केल्याची जी कीर्ती गायिली आहे, ती एका मातेची अतिशयोक्ती नव्हे, हे या ठशांनी सिद्ध केले: जिंकलेल्या राजाचा मुखवटा जेत्याच्या चिन्हाखाली दबलेला, आणि तोही एकदोन नाण्यांवर नव्हे, साठ्याच्या दोनतृतीयांशाहून अधिक भागावर.

"आता विचार कर," मामा म्हणाले, "तो साठा गावच्या पंधरा जणांनी आपापसांत वाटून घेतला असता, दहा सराफांनी तो आटवला असता, आणि उरलेली शंभर नाणी पुढे हौशी लोकांच्या डब्यांत गेली असती, तर त्या शंभरांवरून हे प्रमाण कोणाला कळले असते? नाण्याची किंमत चांदीत नव्हती, बेरजेत होती."

"मान्य. पण मामा, तो साठा कोणा प्राध्यापकाने शोधला नाही. अशा ठेवी नांगराला लागतात, पायाच्या कुदळीला लागतात. आणि तुम्ही ज्या साक्षीदाराची एवढी काळजी करता त्याला रोज कोण मारते? पांढरीची माती कसदार म्हणून लोक ट्रॉल्या भरभरून शेतात टाकतात. जेसीबीने अर्धे टेकाड उचलले तर तुमच्या कचेरीने कधी हरकत घेतली होती काय? ट्रॉलीतून शेतात पडलेल्या मातीला कोणता थर, कोणती राख? त्या शेतातून मी नाणे उचलले तर मी साक्ष पुसली की वाचवली?"

मामा निरुत्तर झाले नाहीत, पण त्यांनी पान लावावयास घेतले, हे मी नमूद करतो. माझ्या मते भाच्याचा हा मुद्दा खरा आहे, आणि ज्यांच्या हाती जुन्या वस्त्यांचे रक्षण आहे त्यांना तो लागला पाहिजे. कायदा हौशी माणसाच्या लहान खड्ड्याकडे जितक्या कठोरपणे पाहतो तितक्या कठोरपणे मातीच्या ट्रॉलीकडे पाहत नाही. तथापि एकाने टेकाड उचलले म्हणून दुसऱ्याने उरलेल्या टेकाडात भोके पाडावी, हे काही त्यातून निघत नाही. आणि भाच्याच्या बोलण्यात पांढरीवरून शेतावर केव्हा उडी पडली, ते त्याच्या लक्षात आले नसले तरी मामांच्या आले.

"शेतातले उचल," पान तोंडात ठेवून ते म्हणाले. "मालकाला विचारून उचल, आणि गट लिहून उचल. टेकाडाला हात लावू नकोस. साल्हेरला तर ते यंत्र नेऊच नकोस. 2025 मध्ये तो किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला, आणि संरक्षित जागेत विनापरवाना खणणे हा गुन्हा आहे. आणि कुठेही जमिनीत दडलेले काही मिळाले, तर 1878 चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले की काय सापडले, किती, कुठे आणि केव्हा, हे लेखी कळवावयाचे, तेही कलेक्टरला. वस्तू सरकारी तिजोरीत भरावयाची, नाहीतर जामीन द्यावयाचा. दडवलेस तर वर्षापर्यंत कैद."

"आणि भरले तर काय मिळते?"

"कोणी हक्कदार पुढे आला नाही, आणि जागेचा मालक एकच असला, तर तीन हिस्से तुझे, एक त्याचा. तुमच्यात आधीच करार झाला असेल तर कराराप्रमाणे."

"आणि सरकारला ते हवे असले तर?"

मामांनी क्षणभर थांबून प्रामाणिकपणे सांगितले, "धातूची किंमत, आणि वर तिचा पाचवा हिस्सा."

"पाहिलेत! चौदाशे वर्षांपूर्वीच्या नाण्याला चांदीचा भाव आणि वर वीस टक्के! असा कायदा लोकांना नाणी तिजोरीत आणावयास शिकवतो की मुशीत घालावयास? इंग्लंडात पाहा. 1992 साली सफक परगण्यातील हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधण्यासाठी त्याचा परिचित, एक निवृत्त माळी, यंत्र घेऊन गेला, आणि त्याला रोमन काळातील सोन्या-चांदीची सुमारे पंधरा हजार नाणी असलेला साठा लागला. त्याला साडेसतरा लाख पौंड मिळाले, ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. पुढे 1996 मध्ये त्यांनी नवा कायदा केला, आणि 1997 पासून हौशी लोकांना सापडलेल्या बारीकसारीक वस्तूही नोंदवून घेण्याची सरकारी व्यवस्था उभी केली. आज तिच्या दप्तरी लक्षावधी नोंदी आहेत. आपल्याकडे मी शिवराई घेऊन गेलो तर ती कोणत्या टेबलावर ठेवू?"

"तो माळी काही नाणी निघताच थांबला, की सगळे उपसले?"

"थांबला. कळवले. पुराणवस्तूवाल्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन नीट खणले, म्हणून तर तो साठा लाकडी पेटीत कसा रचला होता तेही कळले."

"मग त्याला पैसे थांबण्याचे मिळाले."

"तो हातोडाही सापडला, बरे का, मामा! तोही ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवला आहे."

मामांना हे फार रुचले. हरवलेल्या हातोड्याची नोंद ठेवणारे दप्तर म्हणजे त्यांच्या मते आदर्श दप्तर. आणि त्या सद्‌गदित मनःस्थितीत ते देवळाण्याकडे वळले. आमच्याच बागलाण तालुक्यात, जोगेश्वराच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेल्या देवळाणे गावी गेल्याच्या मागील शतकात चांदीची चिमुकली नाणी मिळाली होती: एका बाजूस राजाचे मुख, दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी, आणि भोवती कृष्णराजाचे नाव व त्याचे परममाहेश्वर हे बिरुद. हा कृष्णराज कोण, याविषयी विद्वानांत मतभेद झाला. प्रथम तो राष्ट्रकूट कृष्ण मानला गेला. पुढे सहाव्या शतकातील कलचुरी कृष्णराज ठरला. त्या निर्णयाला बळकटी आणणारा एक पुरावा त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरील अंजनेरीच्या ताम्रपटांत आहे. आठव्या शतकाच्या आरंभी भोगशक्ती राजाने दिलेल्या त्या शासनात रकमा 'कृष्णराज रूपकां'त सांगितल्या आहेत. म्हणजे आठव्या शतकाच्या मध्यावर राज्य करणाऱ्या राष्ट्रकूट कृष्णाच्या आधीच ती नाणी चालू होती, आणि पाडणारा राजा जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी या मुलखात चालत होती. आज त्याच अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, हा योगायोग मामा प्रत्येक वेळी नव्याने सांगतात.

"त्या नाण्यांबरोबर 'देवळाणे, तालुका बागलाण' हे तीन शब्द कोणीतरी लिहून ठेवले," मामा म्हणाले. "ते लिहिले नसते तर ती मुंबईच्या बाजारातली बेवारशी चांदी होती."

"म्हणजे मी लिहावे, एवढेच ना? लिहितो. पण तुमचा कायदा दहा रुपये म्हणतो. ही शिवराई दहा रुपयांची आहे काय? तांब्याच्या भावाने पाहिली तर कदाचित नाही. नाणेवाल्याच्या भावाने पाहिली तर आहे."

या पेचाने मामा इतके प्रसन्न झाले की त्यांना आपल्या निवृत्तीचा विसर पडला. त्यांनी सांगितले की 1878 मध्ये रुपया बरोबर एक तोळा वजनाचा, अकरा भाग चांदी व एक भाग हिणकस धातू असलेला. तेव्हा कायदा करणाऱ्याच्या मनातले दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांची चांदीची थैली होती, बाजारात पडलेला तांब्याचा पैसा नव्हे. परंतु कायद्याचा अर्थ करणाऱ्याच्या मनावर न लावता अक्षरावर लावावयाचा असतो, आणि अक्षर 'किंमत' असे म्हणते, कोणाच्या भावाने ते सांगत नाही. सबब संशय असेल तिथे कळवावे.

"एका शिवराईसाठी कलेक्टरला अर्ज? मामा, कचेरीत हसतील."

"हसू देत. उत्तर येणार नाही, हे मीच तुला सांगतो. पण आवक क्रमांक पडेल. एकदा आवक क्रमांक पडला की नामपूरच्या बाजारतळात अमुक तारखेला शिवराई मिळाली, हे तुझ्या-माझ्या मागे कोणालाही काढून पाहता येईल."

भाच्याने कागद पुढे ओढला. पांढरीविषयी त्याने शब्द दिला नाही. शेतांविषयी मालकांना विचारीन एवढे म्हणाला, आणि मामांनी तेवढे सध्या पुरे मानले. मग लिहिता लिहिता त्याने मान वर केली.

"भोकाचे पैसेही घालू का यात? ते तर अजून शंभर वर्षांचेही झालेले नाहीत. पुराणवस्तू होत नाहीत."

"घाल," मामा म्हणाले. "पुरवणी यादी म्हणून घाल. आणि सगळे एका ओळीत कोंबू नकोस. कोणता पिंपळाच्या अंगाला मिळाला आणि कोणता हौदाच्या, ते निराळे दाखव."